कॅप्टन भरारीचे धोंडे

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. विरेशने काही ठरवलं आणि ते झालं नाही, असं ताडकळसमध्ये आजवर घडलेलं नाही! विरेश म्हणजे मी. बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. लग्नाचा बस्ता असो, शाळेचा गणवेश असो, नाहीतर कुणाच्या सत्काराला ऐन वेळी लागणारा फेटा असो, लोक आधी माझ्याकडे येतात. ज्या माणसाने एकाच घरातल्या सगळ्या जावांना एकाच बैठकीत साड्या पसंत पाडून दिल्यात, त्याला या जगात अवघड ते काय?

तर अशा माणसाच्या घरात "मला नाही जमणार" हे वाक्य घुसलं. कुठून? टीव्हीतून!

आमची रुद्राणी आठ वर्षांची. रोज संध्याकाळी ती टीव्हीसमोर मांडी घालून बसते, कारण तेव्हा 'कॅप्टन भरारी' लागतं. हा कॅप्टन म्हणजे कार्टूनमधला हिरो. जांभळे कपडे, डोळ्यांवर भोकं पाडलेली पट्टी, पाठीवर पोळ्याच्या बैलासारखी पिवळी झूल. एका हाताने आगगाडी थांबवतो, दुसऱ्या हाताने पडता पूल धरतो. इथपर्यंत ठीक आहे. पण हा गडी काहीही करायच्या आधी एखाद्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसतो, डोकं धरतो आणि म्हणतो, "मी कसला हिरो? मला नाही जमणार!" मग खाली जमलेली पोरं ओरडतात, "जमेल! जमेल! जमेल!" तेव्हा कुठे स्वारी उडते. खाली पूल पडायला आलाय आणि वर याची समजूत काढणं चाललंय! त्याच्या जोडीला एक बिजलीताई आहे. ती अख्ख्या शहराला वीज पुरवते, पण तिला सारखं वाटतं की आपला उजेड जरा पिवळटच पडतो. सबंध कार्टूनमध्ये स्वतःवर भरवसा असलेला माणूस एकच, तो म्हणजे खलनायक!

आमच्या लहानपणी हिरो असे नव्हते. ते आधी हाणायचे आणि विचार दुसऱ्या दिवशी करायचे.

"हिला हे दाखवू नगंस," मी राजेश्रीला, म्हणजे आमच्या मंडळींना म्हणालो. "ह्या कार्टूनमुळंच पोरगी भित्री व्हायलीय."

"कार्टून उन्हाळ्यापासून लागायलंय," राजेश्री म्हणाली. "पोरगी सव्वीस जानेवारीपासून भ्यायलीय."

हे मात्र खरं होतं. सव्वीस जानेवारीला रुद्राणीचं शाळेत भाषण होतं. पोरगी छान तयार होऊन स्टेजवर गेली, माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आदरणीय…" पुढे काही येईना. पुन्हा म्हणाली, "आदरणीय…" मग तिसऱ्यांदा. शेवटी बाईंनी रडत्या पोरीला कडेवर घेऊन खाली आणलं. तेव्हापासून वर्गातली पोरं तिला 'आदरणीय' म्हणतात. "ए आदरणीय, खोडरबर दे!" ती हसून खोडरबर देते आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसते. मला ते बघवत नाही, सरळ सांगतो.

आणि आता पंधरा ऑगस्टसाठी बाईंनी पुन्हा तिचंच नाव काढलं होतं. भाषण तिला घडाघडा पाठ. न्हाणीत म्हणायची, झोपेत म्हणायची. पण लोकांसमोर म्हणशील का विचारलं की डोकं धरून बसायची. "मला नाही जमणार!" अगदी कॅप्टनसारखं.

"मग कॅप्टनला कसं जमतंय?" मी विचारलं.

"त्याला सगळे जमेल म्हणतात म्हणून."

"आन् समज कॅप्टनच आला आन् तुला म्हणला, रुद्राणी, आता तुझी पाळी. मग?"

तिने डोक्यावरचे हात काढले. "खराखुरा आला तर बोलते."

"आला समज!" मी म्हणालो. विरेशने ठरवलं!

आता कॅप्टन कुणाला करायचं? राजेश्री म्हणाली, "तुमीच व्हा की." मी झालोही असतो, पण कॅप्टनला पोट नाही आणि मला आहे, एवढाच काय तो फरक आडवा आला. शिवाय माझ्या डोळ्यांसमोर एक फार चांगला माणूस होता. आमचे जावई शिवप्रकाश!

शिवप्रकाश म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, अनुपमाचे यजमान. गंगाखेडला साखर कारखान्यात नोकरीला. अंगाने सडपातळ, उंच आणि स्वभावाने इतके गरीब की समोरच्याला 'नाही' म्हणणं त्यांना माहीतच नाही. लग्नात फोटोवाल्याने सांगितलं म्हणून हा माणूस भर उन्हात एका पायावर उभा राहिला होता. त्यात तीन वर्षांनी येणारा धोंड्याचा महिना यंदा नेमका पंधरा ऑगस्टला लागून आलेला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, नवा आहेर करायचा, ही आपली रीत. त्यांचं लग्नानंतरचं पहिलंच धोंड्याचं जेवण चौदा तारखेला ठरलं होतं. माणूस आयताच घरी येत होता!

अडचण एकच होती, आमचे अप्पा. माझे वडील बसवंतराव हे कपाळभर विभूती लावणारे, कडक शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या लेखी आधी महादेव, मग जावई, मग बाकीचं जग. मी त्या जगात बराच खाली येतो. जावयाला जांभळे कपडे घालून टाकीवर चढवतोय असं त्यांना कळलं असतं, तर त्यांनी मला दुकानातल्या गजाने मोजलं असतं. म्हणून सगळं गुपचूप. दुकानात तीन वर्षं एकाही नवरीने हात न लावलेलं जांभळं साटीन पडून होतं, ते काढलं. पिवळ्या अस्तराची झूल केली. समोरच्या टेलरने माप कुणाचं विचारलं तर मी म्हणालो, "गॅदरिंगचं हाय, तू शीव."

चौदा तारखेला जावई आले. मी त्यांना गोदामात नेऊन सगळी योजना सांगितली. आमच्या घरामागे परसात गोदामाची एकमजली खोली आहे. वर सपाट स्लॅब, स्लॅबवर पाण्याची काळी टाकी. जिना नाही, शिडीने चढावं लागतं.

"तुमी टाकीजवळ उभं राहायचं, 'मी कसला हिरो, मला नाही जमणार' म्हणायचं. रुद्राणी 'जमेल, जमेल, जमेल' म्हणंल. मग तुमी खाली उडी हाणायची. खाली मी गाद्या टाकतो, दुकानातल्या, कापसाच्या. मंग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, 'आता तुझी पाळी.' बास!"

जावईबापूंनी घसा खाकरला. "दादा, उंच हाय का वं ते?"

"छे! लेकरं उड्या हाणतेत तिथून!"

"बरं," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

दुपार कलली तसे अप्पा मठात गेले. बायका चुलीपाशी पुरणात अडकल्या. मी परसात गाद्यांचा ढीग रचला. कॅप्टन जांभळ्या कपड्यांत, डोळ्यांवर पट्टी बांधून शिडीने वर गेले. मी पटकन शिडी काढून गोदामाच्या बाजूला लपवली. कॅप्टन उडून आल्यासारखा वाटायला हवा ना! शिडीने चढलेल्या हिरोवर कोण विश्वास ठेवणार? मग मी रुद्राणीला हाक मारली आणि गोदामाच्या आडोशाला उभा राहिलो.

रुद्राणी आली. वर बघितलं. कॅप्टन भरारी साक्षात टाकीजवळ उभा! मावळतीचं ऊन साटीनवर पडलेलं, वाऱ्याने झूल उडायलेली. माझाच ऊर भरून आला.

आणि मग कॅप्टनने खाली बघितलं.

"मी कसला हिरो…" आवाज थरथरला. "मला न्हाई जमणार…"

काय अभिनय! मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

"जमेल! जमेल! जमेल!" रुद्राणी आनंदाने ओरडली.

"न्हाई जमणार!"

हे काही ठरलेलं नव्हतं. मी डोकं बाहेर काढलं. कॅप्टन खाली बसले होते आणि त्यांनी दोन्ही हातांनी टाकीला मिठी मारली होती. "दादा," ते म्हणाले, "खरंच न्हाई जमणार वं! लय उंच हाय हे! सगळं गरगर फिरायलंय!"

मी शिडी आणायला वळणार, तेवढ्यात परसाच्या भिंतीपलीकडून एक टोपी वर आली. टोपीखाली माणिकराव!

माणिकराव म्हणजे आमचे शेजारी आणि गावातले रुसवे काढण्यातले बादशहा. नवरदेव घोड्यावर बसेना, व्याही जेवायला उठेना, की लोक आधी माणिकरावांना बोलावतात. त्या दिवशी गावचा बाजार होता. ते भाजीची पिशवी घेऊन घरी चालले होते आणि त्यांनी काय बघितलं? धोंड्याचा महिना, सासरी आलेला जावई, जावई उंच जाऊन बसलाय आणि "न्हाई, न्हाई" म्हणतोय. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "जावई रुसले!"

"आवं काका, रुसले न्हाईत, ते—"

"तू गप ऱ्हाय. पोरीचा भाऊ म्हणल्यावर तू असंच म्हणणार." माणिकराव मागच्या दारातून आत आले आणि हात कपाळाशी धरून वर बघू लागले. "आन् हे काय नेसलेत वं ते?"

"ते… दुकानातलं साटीन हाय…"

"दुकानातलं? म्हंजे आहेर!" माणिकरावांनी कपाळावर हात मारला. "आरं बेशरमा, जावयाला धोंड्याच्या आहेरात लेडीज साटीन? वरून परकराचं अस्तर? रुसतील न्हाई तर काय करतील!"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण खरं काय होतं? जावयाला मी कार्टून बनवलंय, हे! अप्पांच्या कानावर जायला कुठलं बरं, हा हिशेब मनात लावेपर्यंत परस भरलं. बाजारातून घरी निघालेली माणसं पिशव्यांसकट आत येऊ लागली. भिंतीवर पोरं बसली. कुणीतरी शेंगदाणे वाटायला लागलं. बाजारात बातमी गेली होती की कापडवाल्यांनी जावयाला परकर दिला!

आणि तेवढ्यात अप्पा आले.

अप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी लिहून दाखवू शकत नाही. मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, वर बघून हात जोडले. "जावईबापू! काय चुकलं वं आमचं?"

"कायीच चुकलं न्हाई अप्पा!" वरून आवाज आला.

"ऐकलंत?" माणिकराव सगळ्यांना म्हणाले. "जावई 'कायीच न्हाई' म्हणले, म्हंजे लय मोठं चुकलंय."

"आवं, हा आहेर न्हाई तुमचा! तुमच्यासाठी सफारीचं उंची कापड काढून ठेवलंय मी!" अप्पा कळवळून म्हणाले.

"नको अप्पा, मला फकस्त—"

"सफारीवर भागत न्हाई," माणिकराव हळूच म्हणाले.

"अंगठी करतो! सोन्याची!"

"नको वं! मला कायी नको!"

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे जावयाच्या 'नको'ला कुणी कधी 'नको' म्हणून ऐकलंय का? तिसऱ्या धोंड्यालाही तो 'नको'च म्हणतो आणि आपण पाचवा वाढतो! बिचारे जितक्यांदा नको म्हणत, तितका अप्पांचा आवाज चढत गेला. अंगठीची साखळी झाली. साखळीचा गोफ झाला. शेवटी अप्पांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बुलेट देतो!"

मला लग्नात सायकलसुद्धा मिळाली नव्हती. मी नकळत दारात आलेल्या राजेश्रीकडे बघितलं, तर ती माझ्याकडे आधीपासूनच बघत होती.

"मला बुलेट नको!" शिवप्रकाश रडकुंडीला आले होते. "मला नुसतं खाली यायचंय!"

हे ऐकताच मी शिडीकडे झेपावलो. पण माणिकरावांनी माझा दंड धरला. "खबरदार! नुसती शिडी लावली म्हंजे 'उतर खाली' म्हणल्यावानी झालं. रुसलेल्या जावयाला उतरवायचं नसतंय, मानानं आणायचं असतंय. न्हाईतर जिंदगीभर म्हणतील, मी माझा उतरलो!" आणि त्यांनी हुकूम सोडला, "शिडीला हार बांधा! वाजंत्री बोलवा!"

आमच्या गावात एरवी नळाला पाणी यायला चार दिवस लागतात, पण वाजंत्री लगेच आली. बाजारातून झेंडूचे हार आले. शिडी नवरीसारखी सजली. अनुपमा पुरणाच्या हातांनी बाहेर धावली आणि नवऱ्याचा अवतार बघून दारातच थिजली.

"आवं, उतरा की! लोक बघायलेत!"

"लोक बघायलेत म्हणून तर!" वरून उत्तर आलं.

ढोल सुरू झाला. स्लॅब हादरायला लागला. टाकीतलं पाणी डुचमळायला लागलं. कॅप्टनने एक पाय शिडीकडे सरकवला, शिडीवरचा झेंडू पायाखाली घसरला आणि पाय परत आत! भिंतीवरच्या पोरांना तोवर खेळ कळला होता. ती ओरडली, "जमेल! जमेल! जमेल!" मग मोठी माणसंही ओरडायला लागली. सगळा बाजार ओरडत होता आणि दर 'जमेल'ला शिवप्रकाश टाकीला आणखी घट्ट बिलगत होते.

"विरेश!" अप्पा कडाडले. "उभा काय ऱ्हायलास? चढ वर आन् हाताला धरून आण त्यांना!"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी शिडीला हात लावला. पहिली पायरी चढलो. दुसरी चढलो. आता या गोदामाची उंची तुम्हाला खालून वाटते तेवढी कमी नाही बरं का! दुसऱ्या पायरीवरूनच मला माझ्या चपला फार लांब दिसायला लागल्या.

"अप्पा," मी म्हणालो, "माझा गुडघा जरा—"

"गप बसा सगळे!"

हे अप्पा म्हणाले नव्हते. माणिकरावही नव्हते. मी मागे वळून बघितलं. गाद्यांच्या ढिगावर रुद्राणी उभी होती. वेणी सुटलेली, गाल लाल, मुठी आवळलेल्या.

ढोल थांबला. शेंगदाणे खाणाराही थांबला.

"मामा रुसले न्हाईत!" ती ओरडली. आत्याचा नवरा म्हणजे आमच्याकडे मामाच. "मामाला भ्या वाटायलंय! तुमाला कुणाला दिसंना का? भ्या वाटलं की तोंडातून एकच शब्द निघतोय, दुसरा येतच न्हाई. मी 'आदरणीय' म्हणले होते, मामा 'नको' म्हणायलेत. आन् तुमी वरून जमेल जमेल करायलात! जमेल म्हणल्यावर अजून भ्या वाटतंय! कार्टूनमध्ये खोटं दाखवतेत!"

एवढं बोलून ती वर वळली. आवाज एकदम खाली आणला. तिची आई तापात कपाळावर हात ठेवते ना, तसा. "मामा, न्हाई जमलं तरी चालतंय. उडी नगा हाणू. ती झूल काढा आदी. तोंड भिंतीकडं करा आन् उलटे उतरा. खाली बघू नगा. मी पायऱ्या सांगते."

कॅप्टनने झूल काढली. पट्टीही काढली. सगळ्या गावासमोर हा माणूस घामेजल्या चेहऱ्याने, भिंतीकडे तोंड करून, एकेक पाय चाचपत उतरला आणि पोरगी खालून सांगत राहिली, "हां, अजून एक, आता डावा." जमिनीला पाय लागल्यावर त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं. अनुपमा रडत होती. राजेश्री रडत होती. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू? पण ते अप्पांमुळेही असेल, कारण ते माझ्या दिशेने यायला लागले होते.

"असं होय!" माणिकराव पिशवी उचलत म्हणाले. "मंग आदीच न्हाई का सांगायचं जावईबापू?"

"सांगतच तर होतो!" शिवप्रकाश म्हणाले.

त्या दिवशीचं धोंड्याचं जेवण फार छान झालं म्हणतात. मला माहीत नाही. मला अप्पांनी वाढायला ठेवलं होतं. मग हार उतरवायला, गाद्या झाडायला आणि वाजंत्रीवाल्यांना चहा द्यायला. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याला लागलेलं पुरण तेवढं मिळालं. आणि रुद्राणी? ती मामांच्या शेजारी बसून चौथा धोंडा खात होती.

"उद्या बोलशील ना?" मी वाढता वाढता विचारलं.

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "कॅप्टन तर आलाच न्हाई."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला शाळेचं मैदान गच्च भरलं होतं. आदल्या दिवशीच्या तमाशातलं सगळं गाव हजर! आम्ही पुढच्या रांगेत बसलो. शिवप्रकाश पांढऱ्या शर्टात माझ्या शेजारी. बाईंनी नाव पुकारलं. रुद्राणी चढली, माईकसमोर उभी राहिली.

"आदरणीय…"

आणि थांबली.

मागून कुणीतरी पोरगं फिदीफिदी हसलं आणि लगेच गप्प झालं, बहुतेक माणिकरावांनी त्याचा कान धरला असावा. नवल म्हणजे एकही माणूस 'जमेल' म्हणाला नाही. सगळे नुसते बसून राहिले. शिवप्रकाशनी मांडीवरचा हात थोडासा वर केला आणि हलवला. असू दे, चालतंय.

"आदरणीय अध्यक्ष महोदय, गुरुजन आणि माझ्या बालमित्रांनो," रुद्राणी म्हणाली. "मला भाषण पाठ होतं. पण आत्ता ते सगळं गेलं. म्हणून मी कालचं सांगते."

आणि तिने सांगितलं! रात्री पंगतीत मामांकडून कळलेलंसुद्धा, सगळं सांगितलं! जांभळं साटीन, तीन वर्षांत न खपलेलं. गॅदरिंगचं म्हणून टेलरला मारलेली थाप. लपवलेली शिडी. लेकरं उड्या मारतात म्हणून जावयाला दिलेला धीर. बुलेट. माईक चांगला नवा होता, बसस्टँडपर्यंत ऐकू जात होतं. लोक पोट धरून हसत होते. अप्पा समोर बघत होते, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

शेवटी ती म्हणाली, "स्वातंत्र्य म्हणजे आपल्याला भीती वाटली तर भीती वाटते असं सांगता येणं. माझे मामा काल स्वतंत्र झाले. माझे पप्पा अजून झाले नाहीत. ते दुसऱ्या पायरीवर गुडघा दुखतोय म्हणाले. जय हिंद!"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. शिवप्रकाश उभे राहून वाजवत होते. मीही उभा राहिलो आणि सगळ्यात जोरात वाजवल्या. दुसरं करणार काय? पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. वर्गातली पोरं तिच्याभोवती गोळा झाली आणि एकानेही तिला 'आदरणीय' म्हटलं नाही. ती सगळी माझ्याकडे बघून गुडघा चोळून दाखवत होती.

घरी येताना मी तिला खांद्यावर घेतलं. आता राग कसला? पोरगी बोलली होती, एवढ्या गावासमोर! मला तर सगळ्या रस्त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"रुद्रे, खरं सांग," मी विचारलं. "भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की! लय वाटलं."

"मंग एवढं सगळं कसं काय बोललीस?"

तिने वरून माझे दोन्ही कान धरले आणि मला बाजारपेठेकडे वळवलं. हॉटेलासमोरच्या बाकांवरचे लोक आमच्याकडे बघून हसत होते.

"तुमच्याबद्दल बोलायला काय भ्या, पप्पा?" ती म्हणाली. "सगळं गावच बोलायलंय!"